आधी कागदावर

महागावात कॉम्प्युटर शिकायचा तं पहिले लाइनशी दुस्मनी निभवा लागते. कधी जाइन, काही नेम नाई. तुम्ही मोठ्या हौसेनं प्रोग्राम टाइप करून राह्यले, आन् वरचा पंखा थांबला, की गेलं सारं पान्यात. म्हनून आमच्याकडचे पोट्टे आधी कागदावर लिहितात. पुरा प्रोग्राम. मंग ओळीओळीवर बोट ठेवून तपासतात, चुका खोडतात, आन् लाइन आली की धडाधड उतरवून टाकतात. मी असंच शिकली. पुसदले इंजिनिअरिंग केलं तेबी असंच. यात काही वावगं हाय, हे मले कोनी सांगतलंच नव्हतं.

पुन्याच्या एका कंपनीचे दोन राउंड मी पास झालती. तिसरा शेवटचा राह्यला होता, व्हिडिओवर. घरी ना लॅपटॉप ना नेट, म्हनून आसिमभाईचा कॅफे. त्यानं बिचाऱ्यानं त्या दिवशी गेम खेळनारे पोट्टे हाकलून लावले आन् मले म्हनलं, "गुंजन, इन्व्हर्टर फुल चार्ज है, बिनधास्त बैठ."

बिनधास्त कुठची? यंदा बोंडअळीनं पऱ्हाटी खाऊन टाकली. कापूसच नाई तं जिनिंग कायले चालन? माहे बाबा, नरहर, तिथं वजनकाट्यावर क्लार्क होते. शेटनं दिवाळीच्या आधीच घरी बसवलं. घरात आम्ही दोघंच. आता लखीराम ठेकेदार बाबाले हैदराबादले वॉचमन म्हनून न्यायले टपून बसला होता, आन् त्याची गाडी त्याच दिवशी निघनार होती. रात्रपाळी. साऱ्या जिंदगीचा कापसाचा फुफाटा छातीत गेलेला मानूस, जिना चढला की धापा टाकते, आन् तो रातभर परक्या लोकाइच्या गेटावर उभा राह्यन! मले नोकरी लागली तं बाबा जात नाईत. नाई लागली तं जातात. दुसरी गोष्टच नव्हती.

स्क्रीनवर सुमेधा म्याडम आल्या. बोलनं गोड, एकदम पुन्याचं. त्याइनं एक कोरी खिडकी उघडून देली. तिथं मी जे टाइप करीन ते त्याइले तिकडं दिसनार. सवाल सोपा होता. एक वाक्य देलं, त्याच्यातलं जे अक्षर परत येत नाई असं पहिलं अक्षर शोधायचा प्रोग्राम लिहायचा. मी मनात म्हनलं, देव पावला! वही घेतली, मान खाली घातली आन् लिहायले लागली.

"गुंजन, सुरुवात करताय ना?"

"हो म्याडम, करूनच राह्यली."

लिहिलं, तपासलं, एक चूक सापडली, ते खोडली. मंधात त्या अजून एकदा काहीतरी म्हनाल्या. मी नुसती मान हलवली. मंग बोटं मोडली आन् सारा प्रोग्राम एका दमात टाइप केला. चालवला. बरोबर! एकबी चूक नाई. मी हसून वर पाह्यलं तं म्याडम हसून नव्हत्या राह्यल्या.

"इतका वेळ स्क्रीन कोरी होती," त्या म्हनाल्या, "तुम्ही सारख्या खाली बघत होतात, आणि मग अचानक पूर्ण उत्तर आलं. खाली मोबाइल आहे का? कोणी सांगतंय का तुम्हाला?"

माह्या अंगाची आग आग झाली. मी वही उचलून कॅमेऱ्यासमोर धरली, सारं खोडाखोडीसकट. "हे पाहा म्याडम! माह्या हातचं हाय! आमच्याकडं लाइन जाते, म्हनून आम्ही आधी कागदावर लिहितो."

खोटं कायले बोलू, बाई वाईट नव्हती. वहीतली खोडाखोड नीट पाह्यली. मंग म्हनाली, "ठीक आहे, मी विश्वास ठेवते. अजून एक देते. पण वही बाजूला. थेट टाइप करा, चुका झाल्या तरी चालतील. तुम्ही विचार कसा करता ते मला दिसायला हवं."

सवाल होता वाक्यातले शब्द उलट्या क्रमानं लावायचा. पहिल्या वर्षाचं पोरगं करन! मी कीबोर्डवर हात ठेवले. आन् बाप्पा, डोस्क्यात काहीच नाई. एक ओळ टाइप केली, पुसली. दुसरी केली, तेबी पुसली. त्या पाहून राह्यल्या, आन् मले वाटे आपन भर बाजारात कपडे बदलून राह्यलो. हात आपोआप वहीकडं जाय, मी वापस ओढो. मले येत होतं हो! एक कागद देला असता तं उभ्या उभ्या लिहून देलं असतं. शेवटी मी म्हनलं, "म्याडम, फक्त एक पान. पाया पडतो तुमच्या."

"सॉरी गुंजन," त्या म्हनाल्या. त्याइलेबी वाईट वाटलं असन. "आमच्या टीममध्ये सगळे एकमेकांसमोर बसून थेट कोड लिहितात. तुम्हाला खूप जड जाईल. ऑल द बेस्ट."

खिडकी बंद झाली. मी रडत नव्हती. रडायले वेळच नव्हता, लखीरामले आजच सांगायचं होतं.

बाबा समोरच्या चहाच्या टपरीवर उभे होते. दाढी करून, इस्तरीचा शर्ट घालून, जसा काही इंटरव्ह्यू त्याइचाच होता.

"झालं?"

"बाबा, लखीरामले फोन लावा. येतो म्हनून सांगा."

त्याइले समजलं. पन फोन काही काढेनात. "अवं," ते हळूच म्हनाले, "त्याले तं मी सकाळीच नाई म्हनून टाकलं."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुहा इंटरव्ह्यू होता ना."

मीच त्याइच्या खिशातून फोन काढला आन् लावला. लखीरामनं सरळ सांगतलं, बाबाच्या जागी दुसरा मानूस घेतला, गाडी उमरखेडच्या पुढं गेली, आता काही होत नाई.

मंग माह्या तोंडाले लगामच राह्यला नाई. "तुमाले कोनं सांगतलं होतं माह्यावर एवढा भरवसा ठेवायले?" मी कल्ला केला. टपरीवरचे सारे लोक वळून पाहाले लागले. "मी म्हनलं होतं का? काहून ठेवला?"

उभ्या उभ्याच बाबाले धाप लागली होती. ते बाकावर बसले, दम खाल्ला, आन् बाजूची जागा हातानं पुसून मले म्हनाले, "बस. तुहाबी चहा सांगतला हाय."