कपाटामागची मांजरी

"बाबा, आज मांजरीला ओढून बाहेर काढायचं नाही. कबूल?"

गालाला साबण फासलेल्या सलूनवाल्यांनी आरशातूनच मान डोलावली. शब्द द्यायला त्यांचं काय जात होतं!

मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. तिशी उलटली तरी तिनं कधी कुणाला घरी आणलं नव्हतं. आज पहिल्यांदाच दुकानातली मैत्रीण चहाला येणार होती. सकाळपासून मुलीची नुसती धांदल चालली होती. धुतलेले कपसुद्धा तिनं पुन्हा धुतले.

मांजरी जेमतेम वर्षाची, तीही मुलीनंच आणलेली. बेल वाजली की ती कपाटामागे गडप व्हायची आणि पाहुणा जिना उतरेपर्यंत तोंड दाखवायची नाही. सलूनवाल्यांना हे फार लागायचं. त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय गल्लीतलं कुणी पुढे जात नसे. खुर्चीतला माणूस कितीही घुम्या असो, दोन बोटांनी त्याची मान हवी तशी वळवत ते त्याला बोलतं करत. आणि त्यांच्याच घरात असलं माणूसघाणं मांजर! "बाईसाहेबांची आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते," असं म्हणत ते तिला मानगुटीला धरून पाहुण्यांपुढे आणत. लोक हसत. लोक हसले की त्यांना बरं वाटे.

मैत्रीण आली ती खुर्ची सोडून खालीच, भिंतीला टेकून बसली. मांजरीबद्दल तिनं ऐकलं असणार, पण कपाटाकडे तिनं चुकूनही पाहिलं नाही. दोघी दुकानातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाबद्दल बोलत होत्या. मध्येच बराच वेळ गप्पही बसत होत्या आणि त्याचं दोघींना काहीच वाटत नव्हतं. सलूनवाल्यांचा मात्र जीव कासावीस झाला.

थोड्या वेळानं कपाटाआडून मिशा दिसल्या. मग डोकं. मांजरी पोटावर सरकत मैत्रिणीच्या पर्सपर्यंत आली आणि पट्टा हुंगू लागली. मुलगी श्वास रोखून बघत होती. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

सलूनवाल्यांना राहवलं नाही. "अगं, लाजतेस काय एवढी!" म्हणत त्यांनी मांजरीला मानगुटीला उचललं आणि थेट मैत्रिणीच्या मांडीवर ठेवलं. "घ्या, झाली ओळख."

कप लवंडला, मैत्रिणीच्या मनगटावर लांबलचक ओरखडा उठला आणि मांजरी कपाटामागे दिसेनाशी झाली. "काही नाही काका, लागलं नाही फारसं," मैत्रीण म्हणाली. हसलं कुणीच नाही. मुलीनं फडक्यानं चहा टिपला आणि मान वर न करता हळूच म्हणाली,

"ती येतच होती, बाबा."

सलूनवाल्यांच्या जिभेवर विनोद तयार होता, तो त्यांनी गिळला. मुलीची ही खाली घातलेली मान त्यांच्या ओळखीची होती. लहानपणी तिला सलूनच्या खुर्चीवर उभं करून ते गिऱ्हाइकांपुढे कविता म्हणायला लावत. ती मान खाली घाली आणि ते दोन बोटांनी तिची हनुवटी वर करत. तेव्हाही लोक हसत. पोरीला बोलताच येत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, चारचौघांत सांगतही आले होते. त्यांना स्वतःच्या हातांची लाज वाटली. त्यांनी हात खिशात घातले.

मैत्रीण लवकरच उठली आणि मुलगी तिला सोडायला खाली गेली. निदान मैत्रिणीची माफी मागायला हवी होती, पण त्यांना दारापर्यंतही जाववलं नाही. ती रस्त्यावर पोहोचली असेल तेव्हा कुठे ते खिडकीशी गेले. वरूनच "पुन्हा या हं" म्हणू, असा त्यांचा विचार होता.

खाली मुलगी बोलत होती. हातवारे करून कुणाची तरी नक्कल करत होती, भडाभडा, मोठ्यानं, आणि मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून खदखदून हसत होती. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तिनं वर पाहिलं असतं तर ती गप्प झाली असती. सलूनवाले खिडकीतून मागे सरले आणि पडद्याआड, भिंतीला पाठ लावून, ऐकत उभे राहिले.