नांगर, शीड आणि कूलर

माझ्या ऋचाला जहाजावर जायचं होतं. मुलगी जयपूरची, मानसरोवरात वाढलेली; पाणी म्हणायचं तर आमच्या वस्तीच्या नावातच. मर्चंट नेव्हीचा फॉर्म माझ्या सहीवाचून अडला होता. "आजोबा हो म्हणाले तरच," मी सांगून टाकलं. माझे बाबा, मोरेश्वर, देवगडला चाळीस वर्षं शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. ज्यानं समुद्र पाहिलाय तो नातीला तिकडे धाडणार नाही, अशी माझी खात्री.

मे महिन्यात बाबा आले. ऋचानं त्यांच्यापुढे पाठांतर ओतलं. "सीमनशिप म्हणजे जहाज चालवणं, नांगर टाकणं, दोर बांधणं, मतलब या सगळ्याची विद्या. जहाजाचं पुढचं टोक नाळ, मागचं वरामा."

"पुस्तक बरा आसा," म्हणत बाबांनी पेपर उघडला. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवा कूलर आला. ते लोखंडी धूड जिन्यात मावेना, म्हणून गच्चीवरून दोरानं ओढायचं ठरलं. ऋचा लगेच कप्तान. गाठी तिनं मारल्या, हमालांना जागा तिनं दिल्या. कूलर पहिल्या मजल्यापर्यंत चढला आणि तिनं पश्चिमेकडे पाहिलं. आभाळ धुळीनं पिवळं पडलं होतं.

"उतरवा. आंधी येतेय."

"अगं, चार हात राहिलाय," मी वरून ओरडले. उकाड्यानं माझा जीव चालला होता.

"हो जाएगा, दीदी," हमाल हसले. पण तिनं कूलर खाली टेकवलाच. हमाल निघून गेले. आंधी आलीच नाही. आभाळ निवळलं, आणि मी तिला मनसोक्त बोलून घेतलं.

"पाहिलंत बाबा? हिच्या हाती जहाज द्यायचं?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "मिया येकदा असाच शीड उतरवलंय. वारो इलोच नाय. गाव हसलो. दुसऱ्या खेपेक, लोक हसतीत म्हणान, उतरवूक नाय. विष्णू गेलो."

विष्णूकाका, बाबांचा धाकटा भाऊ, बुडाला एवढंच मला ठाऊक होतं. का, ते घरात कोणी कधी बोललं नव्हतं.

"ह्या चेडवाक हसण्याचा भय नाय," बाबा म्हणाले. "सही कर."

मी फॉर्म आणला. सही करताना मला रडू आलं. ऋचा मात्र फोनवर हमालांना विचारत होती, उद्या सकाळी किती वाजता येता.