चौथ्या पायरीचं चित्रीकरण

नवऱ्याबरोबर कॅमेरा घ्यायला जाण्यापेक्षा दात काढून घेतलेला परवडला, असं धाकटीचं तिसऱ्या दुकानात मत झालं. दात निदान एकदाच काढतात. हे गृहस्थ प्रत्येक दुकानात पहिल्यापासून सुरुवात करत होते. वजन किती, झूम किती, बॅटरी किती तास, हात थरथरला तर चित्रही थरथरेल का. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मशीन चालवून निवृत्त झालेला माणूस तो. समोर यंत्र आलं की त्याला बायको दिसेनाशी व्हायची.

"अहो, फोनमध्येच काढू की."

"फोन बोलायला असतो."

चौथ्या दुकानदारानं शेवटी हात टेकले आणि मुठीत मावेल असा एक कॅमकॉर्डर पुढं सरकवला. पडदा दारासारखा बाजूला उघडणारा, गळ्यात अडकवायला पट्टा. प्रवासाला याहून सुटसुटीत दुसरा नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलं. घरी येताच गृहस्थांनी तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. खोक्यावर लिहिल्यापेक्षा अकरा ग्रॅम जास्त भरला. पुढचे दोन दिवस घरात त्या अकरा ग्रॅमखेरीज विषय नव्हता. तुम्ही पट्ट्यासकट मोजलाय, हेही शेवटी तिलाच सांगावं लागलं. माहितीपुस्तक मात्र त्यांनी उघडलंसुद्धा नाही. "मशीन काय असतं ते मला शिकवू नकोस," म्हणाले.

हा सगळा खटाटोप ताईसाठी होता. ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई कामावर जायची, त्यामुळं धाकटीला वाढवलं ते ताईनंच. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वर्षभर अंथरुणावर होती आणि आता तिथून उठायची नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यात बातमी आली की नदीकाठची ती जुनी शाळा पुढच्या आठवड्यात पाडणार. वडील त्या शाळेचे शिपाई. मागच्या दोन खोल्यांत दोघी वाढल्या. खोल्या जाणार आणि नदीकडं उतरणाऱ्या दगडी पायऱ्याही जाणार.

"मला चौथी पायरी दाखव, चिमणे," ताई म्हणाली होती. "बाकी काही नको. आणि टीव्हीवर दाखव, फोनमधलं मला मुंगीएवढं दिसतं."

शाळेत निघण्याआधी ताई रोज त्या पायरीवर बसवून चिमणीच्या बुटांच्या नाड्या बांधायची. चिमणी आता बासष्ट वर्षांची होती.

बसचे सात तास, दोन दिवसांचा मुक्काम, आणि दोन्ही दिवस गृहस्थांचा दिग्दर्शकाचा अवतार. थांब. मागं हो. आता चाल. अशी नाही, सावकाश. उन्हात तिचा जीव मेटाकुटीला आला. बॅटरी भराभरा उतरायची तेव्हा ते त्या दुकानदाराच्या नावानं खडे फोडायचे. संध्याकाळी ती म्हणाली, "काय काढलंय ते दाखवा तरी." तर म्हणे बॅटरी उद्याला लागेल. तिनं कपाळावर हात मारला आणि गप्प बसली. इथंच चुकलं, असं ती पुढं बरेच दिवस म्हणत असे.

परत आल्यावर ताईच्या खोलीत टीव्हीला वायर जोडली. ताईनं चष्मा पुसून घेतला, दोन उशा पाठीशी लावून घेतल्या. "चला जावईबापू, होऊ दे सुरू."

पडद्यावर रस्ता आला. आडवा. मग गृहस्थांच्या शर्टाचं तिसरं बटण. मग धाकटीचे बूट, धूळ, पुन्हा बटण. मागून गृहस्थांचा आवाज: "हं, आता बघ, काय झकास दिसतंय!" आणि तिथंच चित्र तुटलं. पुढच्या तुकड्यात पिशवीच्या आतला अंधार, त्याच्याही शेवटी "आली बघ शाळा!" आणि तोही तुकडा संपला.

"अहो, हे काय आहे?"

"असं कसं होईल? हिरवा दिवा लागला की मी धरत होतो, लाल लागला की खाली सोडत होतो."

"लाल म्हणजे चालू हो!"

"लाल म्हणजे बंद! छत्तीस वर्षं लाल म्हणजे लाइन बंद!"

तिचा तोल सुटला. वजनकाट्यापासून ते पुस्तकापर्यंत सगळं तिनं एका दमात बाहेर काढलं. शाळा परवाच पाडली होती. पुन्हा जाऊन काढायला आता काही उरलं नव्हतं. गृहस्थ वायरीच्या टोकाकडं बघत उभे राहिले. इतकं ओशाळलेलं तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण राग काही उतरेना.

"गप्प बसा दोघं," ताई म्हणाली. "ते बघा."

पडद्यावर दगड होता, कडेला झिजलेला, आणि पलीकडं नदी. कॅमेरा 'बंद' करून गृहस्थांनी तो पाणी प्यायला चौथ्या पायरीवर ठेवला होता. शेजारी धाकटीचे बूट, आणि तिचा वैतागलेला आवाज: "जन्मभर हिचे हुकूम. पाढे म्हण, केस विंचर, हळू चाल. आता अंथरुणावरूनसुद्धा हुकूम, पायरी आण! पायरी काय पिशवीत घालून आणू?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. ती बटणाकडं धावली.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली.

पडद्यावर बराच वेळ नुसतीच नदी वाहत होती. मग तोच आवाज, पण खाली आलेला: "आणि ती गेल्यावर मला कोण सांगणार हो, काय करायचं ते?"

"पाणी पी," गृहस्थांचा आवाज म्हणाला.

ताई मान पुढं काढून पडद्याकडं बघत होती. चौथ्या पायरीकडं, नदीकडं, त्या बुटांकडं.

"चिमणे," ती म्हणाली, "तुझी नाडी सुटलीय. बांध आधी, पडशील."

धाकटी वाकली. पायांत बूट नव्हतेच, ते दाराबाहेर होते. तरी ती तशीच, किती तरी वेळ, खाली वाकून राहिली.