दोन शोरूम, एकच उत्तर

आमच्या घरात संशय घेणं हे बायकोचं काम होतं आणि विश्वास ठेवणं माझं. या वाटणीवर संसार नीट चालला. ती गेली आणि दोन्ही कामं माझ्या गळ्यात पडली. विश्वास ठेवायची सवय होती, संशय घ्यायची नव्हती. त्यामुळे मी तो जरा जास्तच घेऊ लागलो.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. हत्यारांची पेटी घेऊन दुकानोदुकानी फिरावं लागतं. जुनी मोटरसायकल यंदा कायमची बसली. मुलगी म्हणाली, आता पुरे झालं, घराला कुलूप लावा आणि आमच्या मागच्या खोलीत राहायला या. खोली चांगली आहे, उजेड येतो. पण तिथे जेवणाची हाक येईपर्यंत मला काही काम नसतं. गाडी असली तर धंदा राहणार आणि धंदा राहिला तर माझं घर राहणार. म्हणून मी गाडी घ्यायची ठरवली. मुलगी वाद न घालता म्हणाली, चला, मी पण येते. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोन शोरूम समोरासमोर होती, मधे रस्ता. दोन्हीकडे नव्या गाड्या जुन्या दिसाव्यात अशा बनवलेल्या. गोल दिवा, लांब सीट, चकचकीत सायलेन्सर. पहिल्या गाडीच्या टाकीवर मी बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. पत्रा जाड होता. पण स्टँडवरून उतरवताना माझी कंबर बोलली. तिथला विक्रेता म्हणाला, समोरची गाडी म्हणजे लग्नापुरता भाड्यानं आणलेला कोट, पुढून झकास आणि मागून टाचण्या. गाडी कधी मिळेल असं विचारल्यावर मात्र त्याचा आवाज खाली आला. सहा महिने तरी लागतील, म्हणाला. आणि काका, या वयात पाठीला जपा.

रस्ता ओलांडला. दुसरी गाडी हलकी होती. बाजूचं झाकण प्लास्टिकचं, वर लोखंडी रंग. ठोकल्यावर रिकाम्या डब्यासारखं वाजलं. पण ब्रेक चांगला होता आणि पेटी बांधायला मागे जागा होती. इथला विक्रेता तरुण, बोलघेवडा. समोरची घेऊ नका, म्हणाला, ती एकदा आडवी झाली की उचलायला चार खांदेकरी लागतात. बोलून त्यानं जीभ चावली.

"माफ करा काका. तुमच्या घरी नुकतंच असं झालंय आणि मी काहीतरी बोललो."

मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं.

मी नुसतं विचारलं, गाडी कधी मिळेल? सहा महिने, काका. आणि पाठीला जपा.

एकमेकांचं नाव निघालं तरी तोंड वाकडं करणारे हे दोघे. टाकीवर, इंजिनावर, रंगावर कशावरच त्यांचं जमत नव्हतं. फक्त सहा महिन्यांवर आणि माझ्या पाठीवर दोघांचं एकमत होतं. आतल्या दाराशी एक बाई नव्या गाड्या पुसत होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो आणि ही काळी कुणाची म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, कुणाचीच नाही, गोदामात अजून आहेत, हव्या तेवढ्या.

मी बाहेर आलो. मुलगी मघापासून फुटपाथवरच उभी होती, माझ्याकडे न बघता.

"दोन्हीकडे फोन केलास?"

"दोन्हीकडे," ती म्हणाली. "एकाला करून काय उपयोग? तुम्ही समोर गेला असता."

आईची लेक. मला राग यायला हवा होता, पण आधी हसू आलं आणि मग दोन्ही राहून गेलं.

ती म्हणाली, "गाडी घेतली की तुम्ही आमच्याकडे कधीच येणार नाही. त्या घरात एकटेच बसाल. पडलातबिडलात तर मला कळणार कसं?"

"गाडी घेतली तरच येईन," मी म्हटलं. "बसनं आलेला माणूस शेवटच्या बसपर्यंत अडकतो. स्वतःची गाडी असली की मनात येईल तेव्हा यावं, कंटाळा आला की उठावं. मला तुझ्या घरी पाहुणा होऊ दे. बिऱ्हाड नको करूस."

ती समोरच्या शोरूमकडे वळली. मग जड गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, ती नाही. ती तुम्हाला एकट्याला उचलायची नाही. मला तीच आवडली होती. पण मुलगी म्हणत होती ते खरं होतं.

हलकी, काळी घेतली. तरुण विक्रेत्याची मान कागद लिहून होईपर्यंत वर झाली नाही. गाडीबरोबर दोन किल्ल्या आल्या. मुलीनं हात पुढे केला. एक माझ्याकडे राहील, म्हणाली, हरवलीबिरवली तर.

मी दिली. देताना मनात आलं, हिच्या डोक्यात आता आणखी काय शिजतंय. म्हणून दुसरी लगेच खिशात घातली आणि वरून बटण लावलं.