दादा भांडत नाही

दवाखान्यातून घरी आणल्यापासून दादा माझ्याशी एकदाही भांडलेला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. वहिनीला नाही वाटत. ती म्हणते, मेंदूचं ऑपरेशन होऊन माणूस चालतोय, बोलतोय, स्वतःच्या हाताने जेवतोय, आणखी काय हवं तुम्हाला वन्सं? मला माझा भाऊ हवाय, पण हे तिच्या तोंडावर कसं सांगणार?

दादाचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. मी शाळेची बस चालवते, दिवसभर पोरांवर ओरडून माझं तोंड सुटलेलं. आमच्या दोघांचं भांडण एकच, लहानपणापासूनचं: इंग्लंडच्या दोन जुन्या रॉक बँडांत जास्त जड कोण, ब्लॅक सॅबथ की लेड झेपेलिन? तो सॅबथचा, मी झेपेलिनची. त्याचं म्हणणं, जड म्हणजे संथ. सॅबथच्या गिटारवाल्याच्या बोटांची टोकं कारखान्यात तुटली, म्हणून पुढे त्याने तारा सैल सोडल्या, आणि त्या सैल तारांवर हेवी मेटल वाजवणारी निम्मी जमात आजही पोट भरतेय. मी म्हणायची, भरू देत बापडे, पण झेपेलिनच्या ड्रमचा एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत जीव टांगणीला लागतो ना, त्याला जड म्हणतात. मग तो मला बहिरी म्हणायचा, मी त्याला अडाणी. एकदा आईने वैतागून दोघांनाही जेवायला वाढलं नव्हतं.

निवाड्याची आमची रीत होती. दुकानातल्या सगळ्यात मोठ्या स्पीकरच्या खोक्याला पाठ टेकून जमिनीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि दोन्ही बँड एकाच आवाजावर लावायचे. कान खोटं बोलतात, पाठ बोलत नाही, असं दादा म्हणायचा. निकाल कधीच लागला नाही, कारण हरलं तरी कबूल कोण करणार?

काल संध्याकाळी त्याला दुकानात नेलं. वहिनी दाराशी खुर्ची टाकून बसली. मी दादाला हाताला धरून खोक्याला टेकवलं, आधी सॅबथ लावलं, मग झेपेलिन.

“काय म्हणते पाठ?” मी विचारलं.

“दोन्ही छान आहेत,” दादा म्हणाला.

छान! चहा छान असतो, गाणं नसतं, असं म्हणणारा माणूस हा. म्हटलं, आता तिसराच बँड मधे आणून वर्मावरच बोट ठेवावं.

“मला विचारशील तर सॅबथपेक्षा डीप पर्पल जड,” मी म्हणाले. “त्यांच्या ऑर्गनपुढे तुझ्या त्या सैल तारा म्हणजे पोरखेळ. आणि पुढच्या बँडांवर सॅबथचा प्रभाव काडीचा नाही.”

हे मी पूर्वी एकदा नुसतं चिडवायला बोलले होते, तर त्याने माझ्याशी अबोला धरला होता. आता त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे तेच, मायाळू. काहीतरी शोधत असल्यासारखा जरा थांबला. मी मनातल्या मनात म्हणत होते, शिवी दे, बहिरी म्हण, काहीही म्हण.

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला.

वहिनी हसली. “बघा, किती समजूतदार झालेत. जन्मात पहिल्यांदा ऐकलं तुमचं.”

“बरोबर कसं?” मी त्याच्या अंगावरच गेले. “अरे, तारा सैल झाल्या म्हणून तर सगळं सुरू झालं. पर्पलला वेग आहे, वजन कुठंय? आणि झेपेलिन तर अर्धा वेळ झाडाखाली बसल्यासारखं गोड गोड गातात. सॅबथ एकदा छातीवर बसलं की उठत नाही.” सगळी त्याचीच वाक्यं. जन्मभर मी ती खोडत आले होते, आणि आता आठवून आठवून एकेक त्याच्यापुढे ठेवत होते, एखादं तरी त्याला ओळखू येईल म्हणून.

तो मन लावून ऐकत होता. माझा आवाज चिरकला तसा त्याने हात धरून मला शेजारी बसवलं.

“रडू नकोस,” तो म्हणाला. “तुला सॅबथ इतकं आवडतं, मला माहीतच नव्हतं.”

दाराशी वहिनी हसायची थांबली.