मोरीवालीची समाधी

बाबा पाणीपुरवठा खात्यात कारकून होते आणि उरलेल्या वेळात जगभरचे धर्म तपासत बसायचे. सूफी काय गुपित सांगतात, ते झेन गुरूंच्या किंवा ख्रिस्ती मठांतल्या मौनी लोकांच्या गुपिताशी कुठे जुळतं आणि कुठे फिसकटतं, याची टिपणं त्यांनी एकतीस वर्षं पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर केली. बुटांची अकरा खोकी भरली. ते वारल्यावर महिन्याभरात त्यांच्या ओळखीचे एक प्राध्यापक घरी आले, डोळ्यांना रुमाल लावला आणि चार दिवसांसाठी म्हणून सगळी खोकी घेऊन गेले. ते चार दिवस सहा वर्षं चालले.

मग कळलं की प्राध्यापकांचा मोठा ग्रंथ येतोय. बाबांची मुलगी प्राध्यापकांकडे गेली. मागणं एवढंच होतं, की बाबांचं नाव पुस्तकावर यावं. प्राध्यापकांनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

"बाळ, सगळ्या पंथांचं सार एकच," ते म्हणाले. "'मी' गळून पडला पाहिजे. तुझ्या वडिलांना नावाची हाव नव्हती. तू कशाला धरून बसतेस?"

चोर तो चोर आणि वर शिरजोर. जिना उतरताना तिला रडू आलं नाही. या माणसाला चारचौघांत उघडा पाडायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. ग्रंथ तिथेच छापायला आला, तेव्हा तिने तो मालकांकडून तपासायला मागून घेतला. पानोपानी बाबा भेटत होते. त्यांची वाक्यं, त्यांचे अर्धविराम, अगदी त्यांची एक ठरलेली ऱ्हस्वदीर्घाची चूकसुद्धा. ती दात खाऊन वाचत राहिली आणि पान दोनशे बारावर थबकली.

तिथे मन घासूनपुसून लख्ख करण्याबद्दल कोण काय सांगतं ते होतं. सूफी म्हणतात, काळजाचा आरसा घासा. झेनवाला विचारतो, आरसा आहेच कुठे? आणि त्याखाली लिहिलं होतं: 'मोरीवाली म्हणते, बाहेरून कितीही घासा, वास आतूनच येतो.'

मोरीवाली म्हणजे आई. आई मोरीत भांडी घासता घासता असं काहीबाही बोलायची आणि बाबा हसत हसत ते कार्डावर टिपून ठेवायचे. घरातली ही थट्टा प्राध्यापकांच्या पानावर तीन ओळींची माहिती घेऊन बसली होती: वाळवंटातली अज्ञात योगिनी, शिष्यपरंपरा लुप्त.

मुलगी पोट धरून हसली आणि मग हसता हसता रडली. तरीही तिने काम कामासारखं केलं. समासात शाईने शंका काढली: 'मोरीवाली कोण? संदर्भ पुन्हा पाहावा.' प्राध्यापकांना चुकलो म्हणायला तेवढी वाट तिने ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मुद्रित परत आलं. शंकेखाली प्राध्यापकांचं वळणदार अक्षर होतं: 'पाहिला आहे. तिच्या समाधीचं दर्शन मी स्वतः घेतलं आहे. बदल नको.' खाली सही. तिने ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मजकूर आहे तसा छापायला सोडला.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. मुलीने आईला पहिल्या रांगेत बसवलं. प्राध्यापक मोरीवालीवरच दहा मिनिटं बोलले. समाधीपाशी गेलो तर अंगावर काटा आला, म्हणाले. मग कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं सांगून ते घोटभर पाणी प्यायले.

मुलीने आईच्या हातात माईक दिला.

"मोरीवाली म्हणजे मी," आई म्हणाली. "मोरीत भांडी घासायचे म्हणून हे मला तसं म्हणायचे. अकरा खोकी तुम्ही आमच्याकडून नेलीत, त्यातल्या कार्डावर आहे ते. मी तर अजून जिवंत आहे हो. समाधी कुठे पाहिलीत?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसलं. मुलीने मंचावर जाऊन सहीचं पान अध्यक्षांसमोर उलगडलं. अध्यक्षांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि प्राध्यापकांकडे सरकवलं. तिला या क्षणाची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

प्राध्यापकांनी घाम पुसला. कोण बोललं याला काय महत्त्व, असं काहीतरी ते पुटपुटले. सत्य सगळ्यांचंच असतं.

"अगदी बरोबर, सर," ती म्हणाली आणि खिशातलं शाईचं पेन काढून त्यांच्यासमोर ठेवलं. "मग कव्हरवरचं नाव तुम्हीच खोडा. 'मी' गळायला हवा ना?"