गोष्टीतला कुत्रा

जोलीनचा सिनेमा वस्तीच्या हॉलमध्ये दाखवला, त्या दुपारी उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे आदिवासींची ती सगळी वस्ती लोटली. तिचा थोरला भाऊ वेंडेल मात्र मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. बर्फ पडलं की वस्तीत घरोघरी गोष्टी सुरू होतात, आणि मामा गेल्यापासून त्या सांगण्याचा मान वेंडेलचा होता. जोलीन शहरात कॅमेरा शिकत होती, तेव्हा आजारी आईच्या उशाशी बसून गोष्टी सांगायचा तो. पेपरात फोटो मात्र हिचा!

पडद्यावर आजोबांची गोष्ट आली. तळ्यात उगवलेला रानभात होडीत झोडून घेताना ती कलंडते. आजोबा बायकोला सोडून भाताचं पोतं धरतात. शेवटी कुत्रा पोहत जातो आणि आजीचा स्कर्ट दातांत धरून तिला काठाला आणतो. हॉल खदखदून हसला. वेंडेलच्या अंगाचा तिळपापड झाला.

कॉफी प्यायला लोक उठले, तशी जोलीन त्याच्याकडे आली.

"कसा वाटला, दादा?"

"माझा कुत्रा चोरलास."

"तुझा? अरे, आजोबांचा तो!"

"आजोबांनी जन्मात कुत्रा पाळला नाही. लहानपणी मीच घुसडला तो गोष्टीत."

"काहीतरीच! मामानं सांगितली मला. कुत्रा डोळ्यांनी पाहिलाय म्हणायचा."

मामानं आपली थाप उचलली होती? वेंडेल सुखावला; पण जळजळ काही थांबेना.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून म्हातारी अगाथा ओरडली, "वेंडेल, तोंड शिवलंय का रे? सांग की एखादी!"

तो पुढे गेला. तीच गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली, आणि पुढे जोडलं, की त्या दिवसापासून कुत्रा आजीच्या अंथरुणात झोपायला लागला, आणि आजोबा जवळ आले की गुरगुरायचा. बिचाऱ्या आजोबांनी अख्खा हिवाळा पोत्याला मिठी मारून काढला. अगाथाच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक टेबलं बडवायला लागले.

जोलीन तेवढी हसली नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंस? सिनेमात घेतलं असतं."

"आत्ताच सुचलं."

तिनं ओठ चावला. तिला जळताना पाहून वेंडेलला फार दिवसांनी मोकळं वाटलं.

"उद्या कॅमेऱ्यासमोर सांगशील?" तिनं पडेल आवाजात विचारलं.

"बघू," तो म्हणाला, आणि तिच्याच ताटलीतली तळलेली भाकरी उचलून खाऊ लागला.